निळाई उरली

डोळ्यापुढे लोलक धरायचा, समुद्राकडे तिरप्या नजरेनं पाहायचं आणि लोलक हळूहळू फिरवायचा. प्रयोग एवढाच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो १९२१ साली बोटीच्या प्रवासात केला. कोलकाता विद्यापीठातले हे बत्तीस वर्षांचे प्राध्यापक ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेसाठी विलायतेला निघाले होते. वाटेत भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि ती त्यांच्या मनातून जाईना. आवडती कविता पुन्हा पुन्हा वाचावी तसा मी हा प्रयोग वाचत आलो आहे, आणि दर वेळी त्यातली एखादी जागा नव्यानं उमगते.

पहिली जागा प्रश्नाची. समुद्र निळा का, हे लहान मूलही विचारतं. पण एवढ्या ऐसपैस प्रश्नाला प्रयोगाचा हात पोचत नाही. तो आधी तासून घ्यावा लागतो. त्या काळी या विषयातला अधिकारी शब्द लॉर्ड रॅली यांचा होता. आकाशाच्या निळेपणाचं कोडं प्रकाशाच्या विखुरण्यावरून उलगडणारे तेच. खोल समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, असं त्यांचं म्हणणं. रामन यांनी विचारलं, हे प्रतिबिंब पुसून टाकलं तर मागे काय उरतं? ‘का’च्या जागी ‘काय उरतं’ आलं आणि प्रश्न डोळ्यांनी तपासता येईल असा झाला.

दुसरी जागा साधनाची. निकोल लोलक म्हणजे कॅल्साइट स्फटिकाचे दोन जोडलेले तुकडे, सहज खिशात मावतील एवढे. प्रकाशाची कंपनं नाना दिशांनी होत असतात. हा लोलक त्यांतली एकाच दिशेची पुढे सोडतो. इकडे पाण्याचीही एक खोड आहे. उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून पाण्यावरून परतणारा प्रकाश पूर्ण ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच, आडव्या दिशेत होतात. त्या कोनातून पाहत लोलक नेमक्या स्थितीत आणला की पृष्ठभागावरची चकाकी विझते, आणि पाण्याच्या आतून वर येणारा प्रकाश तेवढा डोळ्यांपर्यंत पोचतो. समुद्र तोच, ऊन तेच, पाहणाराही तोच. वजा झालं ते फक्त प्रतिबिंब. बाकी सारं जसंच्या तसं ठेवून एकच गोष्ट बदलायची, यासाठी प्रयोगशाळेत केवढा खटाटोप करावा लागतो! इथे अथांग पाण्यासमोर मनगटाच्या एका वळणात ते साधलं.

तिसरी जागा मला सर्वांत प्रिय आहे. ती लोलक फिरण्याच्या आधीच्या क्षणात आहे. रॅली बरोबर असतील तर निळाई विझायला हवी. नसतील तर ती उरायला हवी. दोन्ही उत्तरांसाठी दार सारखंच उघडं आहे. ज्याचं म्हणणं तपासायचं त्याला जिंकायची पुरती संधी द्यायची, आणि आपल्या अंदाजाला हरायची. प्रयोगाचं शील मला इथे दिसतं. वादात समोरच्याला गप्प करता येतं. इथे दोघंही गप्प राहून समुद्राचं ऐकतात.

निळाई उरली. नुसती उरली नाही, तर चकाकीचा पडदा सरताच अधिक गडद, अधिक भरीव झाली.

चौथी जागा संयमाची. या एका कृतीनं प्रतिबिंबाचं स्पष्टीकरण अपुरं ठरलं. पाणी स्वतः निळं का दिसतं, हे मात्र तिनं सांगितलं नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत असावेत, हा विचार पुढे नेण्यासाठी नवे प्रयोग लागणार होते. आज आपण जाणतो की पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि त्याचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. निळाईत दोहोंचा वाटा आहे. रामन कोलकात्याला परतले आणि इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांसह द्रवांमागून द्रव तपासत राहिले. त्या वाटेवर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ हाती आला आणि १९३० साली नोबेल. चांगल्या प्रयोगाचं उत्तर पुढच्या प्रश्नाची वाट मोकळी करतं, ती अशी.

पण मी थांबतो तो नोबेलपाशी नाही. १९२१च्या त्याच प्रवासातून परतताना ‘नारकुंडा’ बोट मुंबईला लागली तेव्हा, २६ सप्टेंबरला, रामन यांनी ‘नेचर’साठी समुद्राच्या रंगावर एक पत्र लिहिलं. पत्रावर पत्ता बोटीचा आणि मुंबई बंदराचा. पावसाळा सरतासरता या बंदराचं पाणी गढूळ, मातकट असतं. निळाईचा तिथे मागमूस नसतो. तरीही लिहिणाऱ्याला शंका नव्हती. भर समुद्रात त्यानं निळाईला विझायची पुरती संधी दिली होती, आणि ती विझली नव्हती.