‘योग्य आकार’ कोणाच्या मापाने?

आज आपण एकच शब्द तपासू : ‘राइट-सायझिंग’. लार्सन अँड टुब्रोने एप्रिल ते सप्टेंबर २०१६ या सहा महिन्यांत सुमारे १४,००० माणसं कमी केली. म्हणजे मनुष्यबळाच्या साधारण ११ टक्के. कारणं दिली ती मंदावलेला धंदा, डिजिटायझेशन, उत्पादकता. ती खोटी आहेत असं आम्ही म्हणत नाही. कंपनीच बुडाली तर सगळ्यांचेच पगार बुडतात, हेही खरंच.

आमचा आक्षेप शब्दावर आहे. ‘योग्य’ हा मूल्यवाचक शब्द. आकार योग्य ठरला, की वगळलेली माणसं आपोआप जास्तीची ठरतात. कापड बेतल्यावर उरलेल्या चिंध्यांसारखी. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन मानू नका. यातल्या ‘केवळ’कडे लक्ष द्या बरं का. पगार देऊन काम घेणं यात गैर काही नाही. पण काढताना कारण सांगणं, मुदत देणं, नवं काम शिकण्याची संधी देणं, इथे कळतं आपण त्याला काय मानत होतो ते.

तेव्हा कपातीची बातमी वाचताना आकड्याबरोबर क्रियापदही बघा : ‘कमी झाले’ की ‘कमी केले’? कर्ता सापडला, तरच जाब विचारता येतो.