ज्ञानेश्वरीतील काजव्याचा दृष्टांत आणि संवेदनभेदाची सीमा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवासे येथे शके 1212 (इ. स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यातील दृष्टांतांचा विचार अलंकार आणि अध्यात्म या अंगांनी होतो, तसा तो इंद्रियानुभवाच्या अंगानेही करता येतो. प्रस्तुत लेखात पहिल्या अध्यायातील दोन दृष्टांतांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

विवेचन

गीतार्थ सांगण्याच्या आपल्या धाडसाविषयी बोलताना ज्ञानदेव सूर्यप्रकाशातील काजव्याचा दाखला देतात. हा कवीच्या विनयाचा उद्गार होय, यात शंका नाही. परंतु या विनयाचे स्वरूप कोणते, हा प्रश्न उरतो.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले, की दोन उद्दीपकांतील फरक जाणवणे हे फरकाच्या निव्वळ परिमाणावर नव्हे, तर मूळ उद्दीपकाशी असलेल्या त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. 400 ग्रॅम वजनात 10 ग्रॅमची भर हाताला जेमतेम जाणवत असेल, तर 800 ग्रॅम वजनात सुमारे 20 ग्रॅमची भर लागते. फेखनर यांनी 1860 मध्ये या नियमाला गणिती रूप दिले.

या प्रकाशात पाहता, दिवसा काजव्याचे तेज घटत नाही. भोवतालचे तेज वाढते आणि त्यात पडणारी भर भेदसीमेच्या आत राहते. म्हणजेच ज्ञानदेव स्वतःला निस्तेज म्हणत नाहीत; ते गीतेशी असलेले आपले प्रमाण सांगतात. त्यामुळेच पुढे गुरुकृपेच्या आधारावर ते निःशंकपणे बोलू लागतात, यात विसंगती वाटत नाही. विनयाचा अर्थ केवळ आत्मनिषेध असा घेतल्यास हा दुवा निसटतो.

त्याच अध्यायातील भ्रमराचा दृष्टांत निराळा आहे. भ्रमर पराग नेतो, तरी पाकळ्यांना त्याची जाणीव होत नाही. येथे तुलना नाही. स्पर्श इतका हळुवार आहे, की तो संवेदनेच्या किमान सीमेपर्यंत पोहोचतच नाही. पहिला दृष्टांत वक्त्याचे स्थान सांगतो, तर दुसरा श्रोत्याने ग्रंथ कसा सेवावा हे सांगतो.

मर्यादा व समारोप

यावरून वेबर यांचा नियम ज्ञानेश्वरीत आधीच सांगितला होता, असे म्हणणे मात्र अशास्त्रीय ठरेल. वेबर यांनी मोजमाप केले; दृष्टांतात मोजमाप नसते. शिवाय अतिक्षीण व अतितीव्र उद्दीपकांच्या बाबतीत हा नियम ढळतो, आणि स्टीव्हन्स यांनी 1957 मध्ये फेखनर यांच्या सूत्राऐवजी घातांकाचा नियम मांडला. काव्याची थोरवी विज्ञानाच्या प्रमाणपत्रावर टांगली, तर सिद्धांत बदलताच तीही डळमळीत होईल. विज्ञानाने येथे साक्षीदार न होता केवळ दिवा व्हावे. त्याच्या उजेडात ओवीचा अर्थ अधिक नेमका दिसला, तरी अभ्यासकाचे काम झाले.