हिरावणे आणि सामोरे जाणे : पौलाच्या एका वचनाचा अर्थविचार

युगान्ताविषयी ख्रिस्ती धर्मविचारात ज्या अनेक कल्पना आहेत, त्यांत 'रॅप्चर' ह्या नावाने ओळखली जाणारी कल्पना अर्वाचीन असूनही अतिशय लोकप्रिय आहे. ख्रिस्त अंतराळात येईल, खऱ्या विश्वासणाऱ्यांना क्षणार्धात पृथ्वीवरून उचलून घेईल, मागे राहिलेल्या जगावर सात वर्षांचे महासंकट कोसळेल आणि त्यानंतरच त्याचे सर्वांदेखत आगमन होईल, असा तिचा ढोबळ आराखडा. अमेरिकेत १९७० साली निघालेले हॅल लिंड्सी यांचे भविष्यकथनपर पुस्तक आणि १९९५ पासून प्रसिद्ध होत गेलेली टिम लाहे व जेरी जेंकिन्स यांची सोळा कादंबऱ्यांची माला यांनी ती घरोघर पोचविली. त्या कादंबऱ्यांच्या वाङ्मयीन गुणांविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. त्यांच्या मुळाशी असलेले वाचन मात्र तपासण्याजोगे आहे. ह्या सर्व इमारतीचा पाया म्हणून थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील सतरावे वचन पुढे करण्यात येते. ते वचन एवढा भार वाहू शकते काय, इतकाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम प्रसंग ध्यानी घ्यावयास हवा. हे पत्र सामान्यतः इसवी सन ५० च्या सुमाराचे मानतात. पौलाच्या उपलब्ध पत्रांत ते बहुधा सर्वांत जुने. थेस्सलनीका येथील मंडळी नुकतीच स्थापन झालेली होती, आणि प्रभूच्या आगमनाची वाट पाहत असतानाच तिच्यातील काही माणसे मरण पावली. जे आगमनापूर्वीच गेले ते त्या सोहळ्याला मुकले काय, अशी शंका मागे राहिलेल्यांच्या मनात उभी राहिली असावी. पौल उत्तर देतो ते ह्या शंकेला. मृत आधी उठतील. त्यानंतर आपण जे जिवंत उरलो असू ते त्यांच्यासह मेघांत घेतले जाऊ. 'त्यांच्यासह' ह्या शब्दावर सारा भर आहे. परिच्छेदाचा शेवटही वेळापत्रकाने होत नाही. ह्या बोलांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगून पौल थांबतो. शोकग्रस्तांना लिहिलेल्या पत्रातील हा मजकूर आहे, ही गोष्ट नजरेआड झाली की त्याचा अर्थही हातचा जातो.

आता शब्दांकडे वळू. 'घेतले जाऊ' असे आपण वर सौम्यपणे म्हटले, पण मूळ ग्रीक क्रियापद 'हार्पाझो' मुळीच सौम्य नाही. झडप घालून नेणे, बळाने हिसकावणे हा त्याचा प्रकृत अर्थ. योहानाच्या शुभवर्तमानात लांडगा मेंढरांवर झडप घालतो तेथे हेच क्रियापद आहे. प्रेषितांच्या कृत्यांत आत्मा फिलिप्पाला एकाएकी दूर नेतो आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल स्वतःच्या तिसऱ्या स्वर्गापर्यंतच्या अनुभवाविषयी बोलतो, तेथेही तेच. लॅटिन भाषांतरात त्याचे 'रापिएमुर' झाले आणि त्या धातूपासूनच पुढे 'रॅप्चर' हा शब्द आला. एका साध्या क्रियापदाचे असे विशेषनाम झाले, की त्यामागे एखादी स्वतंत्र घटना असलीच पाहिजे असे वाचकाला वाटू लागते.

परंतु ह्या क्रियापदाचा आणखी एक संसार आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ग्रीक मृत्युलेखांत अकाली गेलेल्या माणसाविषयी, विशेषतः तरुणांविषयी, नियतीने किंवा पाताळाच्या देवाने त्याला हिसकावून नेले, असे म्हणण्याचा प्रघात होता. आपल्याकडे मृत्युवार्तेत 'काळाने हिरावून नेले' हा प्रयोग इतका रुळलेला आहे, की ह्या बाबतीत मराठी वाचकाला टीपेची गरज पडू नये. पौलाच्या शब्दयोजनेतील हा उलटा धागा एब्राहम मॅलहर्बी यांनी ह्या पत्रांवरील भाष्यात दाखवून दिला आहे. ज्या शब्दाने शोकाकुल माणूस मृत्यूला दोष देतो तोच शब्द पौल उचलतो आणि त्याचा कर्ता बदलून टाकतो. मृत्यू हिरावतो ते ताटातूट करण्यासाठी. येथे हिरावले जाणे आहे ते भेटीसाठी.

भेटीसाठी म्हणजे काय, हे दुसऱ्या शब्दावरून कळते. वचनातील 'आपांतेसिस' हे नाम राजा, सेनापती किंवा मान्यवर पाहुणा नगराकडे येत असता नागरिकांनी वेशीबाहेर जाऊन त्याला भेटणे ह्या अर्थाने रूढ होते. सीझर निघाला असता गावोगावचे लोक त्याला कसे सामोरे जातील हे लिहिताना सिसेरोने आपल्या लॅटिन पत्रात हाच ग्रीक शब्द जसाच्या तसा वापरला आहे. नव्या करारात तो इतरत्र दोन प्रसंगी येतो. दहा कुमारींच्या दृष्टान्तात त्या वराला सामोऱ्या निघतात, आणि रोम येथील बंधू पौलाला भेटावयास तीन धर्मशाळांपर्यंत येतात. दोन्ही ठिकाणी सामोरे जाणारे पाहुण्याबरोबर परत फिरतात. पाहुणा आल्या वाटेने माघारी जात नाही. आपल्याकडील सीमान्तपूजनाचा विधी ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. वधूपक्ष सीमेवर जातो तो वराला आत आणण्यासाठी, त्याच्याबरोबर निघून जाण्यासाठी नव्हे. ख्रिसोस्तोमने चौथ्या शतकातच ह्या पत्रावरील प्रवचनात राजाच्या नगरप्रवेशाची उपमा देऊन हे वचन समजाविले होते.

ह्याविरुद्ध आक्षेप आहेत, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मायकल कॉस्बी यांनी १९९४ साली असे दाखविले, की नगरस्वागताच्या ग्रीक वर्णनांतील हार, मिरवणूक, यज्ञ इत्यादी तपशील पौलाच्या परिच्छेदात नाहीत. सबब हा शब्द पारिभाषिक म्हणून घेणे धाडसाचे आहे. हे म्हणणे अंशतः ग्राह्य आहे. भेटीनंतर सर्वजण खाली येतात की वर जातात, हे पौल सांगतच नाही. आपण सदैव प्रभूजवळ असू, एवढेच तो म्हणतो. मात्र हा आक्षेप दोन्ही बाजूंना लागू पडतो. खाली येणे जसे वचनात नाही, तसे वर निघून जाणेही नाही. आणि तुतारी, आद्यदूताची वाणी व आज्ञेचा घोष ह्यांनी गजबजलेला हा प्रसंग गुप्त कसा, हे कोडे तर सुटतच नाही.

मग सात वर्षे, गुप्त आगमन आणि दोन टप्पे आले कोठून? ते ह्या वचनातून आलेले नाहीत. जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) हे आयर्लंडच्या चर्चमधून बाहेर पडून ब्रदरन पंथाचे अध्वर्यू झाले. इस्राएल आणि मंडळी ह्यांच्यासाठी ईश्वराच्या दोन सर्वस्वी वेगळ्या योजना आहेत, हे त्यांचे मूळ प्रमेय. दानीएलाच्या नवव्या अध्यायातील सत्तर सप्तकांपैकी एकुणसत्तर संपली, तेथे घड्याळ थांबले, मधला काळ मंडळीचा, आणि शेवटचे सप्तक पुन्हा इस्राएलासाठी, अशी ही मांडणी. शेवटचे सप्तक सुरू व्हावयाचे तर मंडळी रंगमंचावरून हलविली पाहिजे; ती हलविण्यासाठी थेस्सलनीकाचे वचन हाताशी आले. म्हणजे वचनातून सिद्धान्त निघाला नाही, सिद्धान्ताला वचनाची गरज भासली. १९०९ साली ऑक्सफर्डने छापलेल्या स्कोफील्ड यांच्या सटीप बायबलमुळे ही मांडणी शास्त्राच्याच पानावर तळटिपांच्या रूपाने जाऊन बसली. तळटीप आणि मूळ संहिता ह्यांतील अंतर सामान्य वाचकाच्या लेखी किती राहते, हे कोणत्याही सटीप पोथीच्या अभ्यासकाने स्वतःलाच विचारून पाहावे.

ह्या कल्पनेचे मूळ १८३० च्या सुमारास स्कॉटलंडमधील एका तरुणीला झालेल्या दर्शनात शोधण्याचा उद्योग विरोधकांनी बराच केला आहे. तो आम्हांस निरुपयोगी वाटतो. उगम संशयास्पद ठरला म्हणून अर्थ खोटा ठरत नाही; नाहीतर दर्शनांवर उभा असलेला प्रत्येक धर्मग्रंथ बाद करावा लागेल. ऐतिहासिक आक्षेप घ्यावयाचाच तर जस्टिन व इरेनेयस ह्यांचा घ्यावा. दोघेही ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याची अक्षरशः वाट पाहणारे; परंतु अधर्मपुरुषाचा छळ विश्वासणाऱ्यांना भोगावा लागेल, हीच दोघांची धारणा होती.

इतर आधारवचनांपैकी मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील शेतातले दोघे सर्वांत प्रसिद्ध. एक घेतला जातो, एक राहतो. पण लगेच आधी नोहाच्या काळातील पुराचा दाखला आहे, आणि तेथे वाहून जातात ते बेसावध लोक. मागे उरतो नोहा. तेव्हा 'मागे राहणे' हीच येथे सुटका ठरण्याचा संभव आहे. अर्थात मत्तयाने वापरलेले 'घेणे' हे क्रियापद योहानाच्या चौदाव्या अध्यायात आपुलकीने जवळ घेण्याच्या अर्थीही येते, म्हणून हा मुद्दा निर्णायक मानता येत नाही. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील 'परीक्षेच्या घटकेपासून राखीन' ह्या आशयाचे वचन मात्र अधिक बोलके आहे. तीच शब्दजोडणी योहानाच्या सतराव्या अध्यायात येते, आणि तेथे येशू शिष्यांना जगातून काढून घेण्याची नव्हे, तर जगात असतानाच राखण्याची प्रार्थना करतो.

ह्या चर्चेत केवळ व्याकरण पणाला लागलेले नाही. पौलाचा वाचक मेलेल्यांसाठी रडत होता. कादंबऱ्यांचा वाचक आपण मागे तर राहणार नाही ना, ह्या धास्तीत असतो. एकाच वचनातून मृत नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी रिकामी घरे, चालकाविना धावणाऱ्या गाड्या व ताटातूट झालेली कुटुंबे आली. विश्वासणाऱ्यांची प्रतीक्षा खोटी, असे आम्ही म्हणत नाही. प्रतीक्षा पौलाचीही होती, आणि तो स्वतःला जिवंत उरणाऱ्यांत मोजत होता. परंतु जे वचन ताटातुटीवर फुंकर घालण्यासाठी लिहिले गेले, त्यातूनच नव्या ताटातुटीचे भय उभे करणे हे चुकीचे वाचन आहे, असे स्पष्ट म्हणावयास हवे.

मराठी भाषांतरकारापुढे ह्यातून एक अडचण उभी राहते. श्रीरामपूरच्या १८११ च्या नव्या करारापासून केडगावला मूळ भाषांवरून सिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या बायबलापर्यंत प्रत्येकाला येथे एक क्रियापद निवडावे लागले आहे. 'हरण' म्हणावे तर सीता आणि रुक्मिणी आड येतात. 'उचलणे' म्हटले तर झडप जाते आणि मृत्युलेखाचा प्रतिध्वनीही हरपतो. 'हिरावणे' कानाला खटकेल, पण थेस्सलनीकाच्या वाचकाच्या कानालाही तो शब्द खटकलाच असणार. त्यापुढे 'भेटावयास' ऐवजी 'सामोरे' हा शब्द घातला, तर निदान दिशेविषयीचा प्रश्न वाचकापुढे खुला राहील.