‘बागी’ या बिरुदाची किंमत

राजकारणी पुरुषाचें आत्मकथन हातीं घेतांना वाचकानें आंतील मजकुराइतकेंच पुस्तकाच्या नांवाकडेहि लक्ष द्यावें, असें आमचें मत आहे. आपण काय केलें तें लेखक मजकुरांत सांगतो. लोकांनीं आपल्याला काय म्हणून ओळखावें तें तो नांवांत सांगतो. पाकिस्तानचे जुने पुराणमतवादी पुढारी मखदूम जावेद हाश्मी यांनीं तुरुंगांत लिहिलेल्या आपल्या उर्दू पुस्तकास ‘हां, मैं बागी हूं’ हें नांव दिलें. बंडखोराचें हें बिरूद त्यांस कितपत शोभतें, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारांत घेणार आहों.

हाश्मी यांचा जन्म १९४८ सालीं मुलतानकडे झाला. घराणें जमीनदारांचें व पीरपरंपरेचें. मखदूम ही उपाधीच त्याची साक्ष देते. लाहोरास पंजाब विद्यापीठांत ते जमाते-इस्लामीच्या विचारांच्या विद्यार्थिसंघटनेचे पुढारी होते. झुल्फिकार अली भुत्तो यांच्या राजवटीशीं झगडतांना त्यांस तुरुंगवासहि घडला. येथवर सारें बिरुदास साजेसें आहे. परंतु १९७७ सालीं जनरल झिया यांनीं भुत्तोंस पदच्युत केलें आणि पुढच्याच वर्षीं आमचे हे बंडखोर त्या लष्करशहाच्या मंत्रिमंडळांत राज्यमंत्री झाले. या गोष्टीबद्दल त्यांनीं पुढें जाहीर क्षमा मागितली, हें त्यांस भूषणावह होय. तथापि क्षमेनें दोष हलका झाला तरी इतिहास बदलत नाहीं. ज्या बंदुकीच्या सत्तेविरुद्ध ते पुढें उभे राहिले, तिच्याच छायेंत त्यांनीं मंत्रिपदाची पहिली शपथ घेतली होती.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९९९ च्या ऑक्टोबरांत. जनरल मुशर्रफ यांनीं नवाझ शरीफ यांचें सरकार उलथून पाडलें. त्या सरकारांत हाश्मी आरोग्यमंत्री होते. २००० च्या डिसेंबरांत शरीफ कुटुंब सौदी अरबस्तानांत गेलें, आणि मुस्लिम लीगमधील अनेक मातबर मंडळींनीं नव्या धन्याचा आश्रय धरला. मोडक्या पक्षाची धुरा हाश्मी यांनीं उचलली. २००३ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं लष्करी अधिकाऱ्यांच्या नांवें आलेलें, मुशर्रफ यांच्यावर टीका करणारें एक पत्र पत्रकारांपुढें वाचून दाखविलें. त्याबद्दल त्यांस अटक झाली, रावळपिंडीच्या अदियाला तुरुंगाच्या भिंतींआड खटला चालला आणि २००४ च्या एप्रिलांत त्यांस एकंदर २३ वर्षांची शिक्षा सुनावण्यांत आली. आरोपांत राजद्रोहाचें १२४-अ हें कलम होतें. महाराष्ट्रीय वाचकास त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच कलमाखालीं. इंग्रज गेला, पण त्याचें हें हत्यार दोन्ही देशांच्या राज्यकर्त्यांनीं कित्येक दशकें जपून ठेविलें. २००७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें हाश्मी यांची जामिनावर सुटका केली.

२००८ च्या निवडणुकींत मुलतान, लाहोर व रावळपिंडी या तिन्ही ठिकाणीं लोकांनीं त्यांस निवडून दिलें. पक्षानें मात्र संसदेंतील विरोधी पक्षाचें नेतेपद चौधरी निसार अली खान यांस दिलें. बंदिवासाचें ऋण मतदारांनीं फेडलें, धन्यानें फेडलें नाहीं. २०११ च्या डिसेंबरांत हाश्मी इम्रान खान यांच्या पक्षांत गेले. या पक्षांतराची वेळ आम्हांस संशयास्पद वाटते, कारण त्या सुमारास त्या पक्षाचा तारा चढता होता. त्यांचें मनहि पुरतें वळलें नव्हतें: २०१३ सालीं पंतप्रधानपदासाठीं शरीफ यांच्याविरुद्ध उभे असतांना, शरीफ आपले नेते होते व आहेत असें त्यांनींच सांगितलें. मग आला २०१४ चा ऑगस्ट. इस्लामाबादेंत इम्रान खान यांचें धरणें चालू असतां, या साऱ्यामागें लष्करांतील कांहीं मंडळींचा हात असल्याचा आरोप पक्षाच्या या अध्यक्षांनींच केला. तो आरोप खान व लष्कर या दोघांनींहि नाकारला. हाश्मी यांनीं आपली जागा सोडली, ऑक्टोबरांत मुलतानच्याच पोटनिवडणुकीस ते अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पराभूत झाले.

आतां निर्णयाकडे वळूं. जमीनदारी, पीरांचा मान, धर्माचें राजकारण यांपैकीं कशासहि हाश्मी यांनीं मुळापासून धक्का दिल्याचें आम्हांस दिसत नाहीं. विचारांनीं ते बंडखोर नव्हेत. सैन्यानें छावणींत राहावें व राज्य लोकांच्या प्रतिनिधींनीं चालवावें, एवढीच त्यांची उत्तरायुष्यांतील मागणी. ही तर कोणत्याहि सनदशीर गृहस्थाची मागणी! परंतु १९४७ पासून २०२४ पर्यंत ज्या देशांत एकाहि पंतप्रधानास पांच वर्षांची मुदत पुरी करतां आली नाहीं, तेथें एवढें म्हणावयासहि तुरुंगाची तयारी लागते. ती तयारी हाश्मी यांनीं दाखविली, तीहि अशा वेळीं कीं, त्यांच्याहून थोर म्हणविणारे शब्द गिळून बसले होते. म्हणून ‘बागी’ हें बिरूद त्यांच्या साऱ्या चरित्रास लागू नसलें, तरी त्या चार वर्षांस तें पुरतें लागू आहे. आणि त्या चार वर्षांसाठीं हें चरित्र आमच्या वाचकांनीं, विशेषतः तरुणांनीं, अवश्य अभ्यासावें.