‘केइ’ची सीमा कोण ठरवते? : व्हिज्युअल केइचा चाहतावर्ग आणि त्याचा समीक्षाव्यवहार

१

जपानमधील ‘व्हिज्युअल केइ’ या रॉकसंगीताच्या प्रवाहाविषयी जे लेखन होते त्यात साधारणपणे दोन भूमिका आढळतात. पहिली भूमिका रंगभूषा, केशभूषा आणि पुरुष वादक-गायकांनी रंगमंचावर धारण केलेले स्त्रीसदृश रूप यांवर लक्ष केंद्रित करते. दुसरी भूमिका या प्रवाहाकडे संगीतव्यवसायाची एक शाखा म्हणून पाहते. दोन्हींमध्ये चाहतावर्ग केवळ परिणाम म्हणून येतो : कलावंत काहीतरी निर्माण करतो, चाहते भारावून जातात, आणि त्या भारावण्याची कारणे समाजशास्त्राने शोधावीत, अशी ही मांडणी असते.

प्रस्तुत निबंधात याच विषयाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहावयाचे आहे. या प्रवाहाच्या चाहत्यांमध्ये, आणि त्यातही बहुसंख्य असलेल्या स्त्रियांमध्ये, गेली तीन दशके जी चर्चा चालू आहे ती एक समीक्षाव्यवहार आहे. तिला स्वतःची परिभाषा आहे, स्वतःचे निकष आहेत, मतभेद सोडवण्याच्या स्वतःच्या रीती आहेत. ‘व्हिज्युअल केइ’ नावाचा प्रकार बऱ्याच अंशी या व्यवहारातूनच अस्तित्वात येतो आणि टिकतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु वाचक, आस्वाद आणि अर्थनिर्णय यांविषयी आपण ज्या संकल्पना वापरतो त्या येथे कसोटीला लागतात.

२

नावापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. १९८२ मध्ये योशिकी आणि तोशी यांनी स्थापन केलेल्या ‘एक्स’ या बँडच्या (१९९२ पासून ‘एक्स जपान’) ‘ब्लू ब्लड’ या १९८९ च्या संग्रहाच्या वेष्टनावरील घोषवाक्यात ‘व्हिज्युअल शॉक’ हे शब्द होते. १९९० मध्ये ‘शॉक्स’ हे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक होशिको सेइइची यांना ‘व्हिज्युअल केइ’ या संज्ञेचे श्रेय दिले जाते. म्हणजे संज्ञा कलावंतांच्या घोषणेतून निघाली, मासिकाने तिला वर्गाचे नाव केले आणि वाचकांनी ते नाव वापरात रुळवले. हे मासिक २०१६ मध्ये बंद पडले. संज्ञा मात्र राहिली.

‘केइ’ या शब्दाचा अर्थ वंश, परंपरा, एका सूत्रात ओवलेली व्यवस्था असा आहे. तो लिहिण्याच्या चिन्हातही धाग्याचे अंग आहे. मराठी वाचकाला येथे ‘घराणे’ हा शब्द आठवेल, आणि ही तुलना काही अंतरापर्यंत उपयोगी आहे. नागोया शहरातून पुढे आलेल्या कुरोयुमे आदी बँडांच्या काळोख्या, जड शैलीला ‘नागोया केइ’ म्हणतात. २००३ मध्ये स्थापन झालेल्या आन काफे या बँडसारख्या चटकदार रंगांच्या व हलक्याफुलक्या चालींच्या बँडांना ‘ओशारे केइ’ म्हणतात. घराण्याप्रमाणेच येथेही गावाचे नाव आहे, ज्येष्ठांच्या हाताखाली केलेली उमेदवारी आहे, लकबींचा वारसा आहे. परंतु घराण्याची ओळख अखेरीस गायकीत असते. ‘केइ’ची ओळख संगीतात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. लूना सीचे रॉक, मालिस मिझेरचे युरोपीय अभिजात संगीताची आठवण देणारे वाद्यमेळ आणि दिर आँ ग्रे यांचे मेटलच्या अंगाचे, किंचाळीवर उभे असलेले गायन यांत सुरावटींचा समान गुणधर्म सांगणे कठीण आहे. रंगभूषा हाही निर्णायक निकष ठरत नाही, कारण अनेक बँडांनी कालांतराने ती उतरवली.

म्हणूनच ‘हा बँड व्हिज्युअल केइ आहे की नाही?’ हा प्रश्न चाहत्यांच्या चर्चेत अखंड चालू राहतो. बाहेरच्या निरीक्षकाला तो पोरकट वाटतो. पण वाङ्मयप्रकाराच्या सिद्धांताची भाषा बाजूला ठेवून पाहिले तर ‘लघुकादंबरी कशाला म्हणावे’ या आपल्या वादाहून तो वेगळा नाही. येथे कलावंताचा शब्दही अंतिम मानला जात नाही. लार्क आँ सिएल या बँडने १९९९ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात आपल्याला ‘व्हिज्युअल केइ’ म्हटल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतरही त्यांची जागा प्रवाहाच्या आत की बाहेर, हा प्रश्न मिटला नाही. बँडची नाराजी हीच चर्चेतील एक नवी साक्ष झाली. स्वीडनमध्ये सेरेमेडी या नावाचा बँड या शैलीत पुढे आला तेव्हा ‘केइ’ला देशाची सीमा आहे काय, असा पुढचा प्रश्न उभा राहिला. आता धागा जन्माने जोडला जातो, उमेदवारीने, की ओळखणाऱ्यांच्या संमतीने, हे ठरवणे भाग पडले. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये मांडलेली अर्थनिर्णायक समूहाची संकल्पना येथे लागू पडते; मात्र फिश यांचा समूह प्रामुख्याने वाचनाच्या गृहीतकांनी बांधलेला आहे. या समूहाचे बंध अधिक गुंतागुंतीचे आहेत.

३

त्यातील पहिला बंध लिखित शब्दाचा आहे. जपानी गीतलेखनात एक विशेष रूढ आहे : गीतपत्रिकेत एक शब्द छापायचा आणि गाताना दुसरा म्हणायचा. ‘विश्व’ या अर्थाची चिन्हे छापून त्यांचा उच्चार ‘सोरा’, म्हणजे आकाश, असा करायचा. ‘नियती’साठी रूढ असलेली चिन्हे छापून ‘सादामे’ म्हणायचे. ही युक्ती व्हिज्युअल केइची मक्तेदारी नव्हे, पण तेथील गीतकारांनी तिचा सढळ उपयोग केला आहे. परिणामी ऐकणारीला एक गीत मिळते, पत्रिका वाचणारीला दुसरे, आणि दोन्ही एकत्र ठेवणारीला त्या दोहोंतील ताणाचे तिसरे.

यामुळे गीतपत्रिकेचे बारकाईने वाचन हा चाहत्यांच्या व्यवहाराचा स्वाभाविक भाग बनला. जपानबाहेर हा प्रश्न अनुवादाचा झाला. दिर आँ ग्रे यांनी २००५ मध्ये बर्लिनला कार्यक्रम केला तेव्हा त्यांची गीते मुळातून न समजणारा मोठा श्रोतृवर्ग युरोपात होता. त्यांच्यासाठी हौशी अनुवादकांनी ही गीते इतर भाषांत नेली. गायलेला शब्द अनुवादायचा की छापलेला? एक मजकुरात आणि दुसरा टिपेत द्यायचा काय? गायक जेथे अर्थापेक्षा ध्वनीच वाढवतो तेथे अनुवादकाने थांबायचे काय? अनुवादाच्या अभ्यासात हे प्रश्न आपण प्रौढ परिभाषेत विचारतो. येथे ते कोणत्याही विद्यापीठीय प्रशिक्षणाविना, गरजेपोटी विचारले गेले. लिहिलेल्या आणि उच्चारलेल्या संहितेत अधिकृत कोणती, याचा एकच निर्णय या समूहाने दिलेला नाही. दोन्ही जिवंत ठेवण्याकडे त्याचा कल राहिला आहे आणि तो समर्थनीय आहे.

४

दुसरा बंध देहाचा आहे. व्हिज्युअल केइच्या प्रयोगात प्रेक्षागृहातील प्रतिसाद उत्स्फूर्त वाटला तरी बव्हंशी तो संहिताबद्ध असतो. गीतागणिक ठरलेल्या हस्तक्रियांना ‘फुरित्सुके’ म्हणतात. त्यांपैकी काही बँडने सुचवलेल्या, काही चाहत्यांनी रचलेल्या असतात. नवागत पुढच्या रांगांकडे पाहून त्या शिकते. आपल्या आवडत्या वादकाच्या दिशेने दोन्ही हात पसरून बोटे हलवण्याच्या क्रियेला ‘साकु’, म्हणजे ‘फुलणे’, असे नाव आहे. एक्सच्या, बँडचेच नाव असलेल्या गीतात हजारो हात डोक्यावर फुलीसारखे जुळतात आणि प्रेक्षागृह एकत्र उडी घेते. उभे कोठे राहायचे हेही आवडत्या वादकाच्या जागेवरून ठरते, आणि रंगमंचाच्या दोन बाजूंना ‘कामिते’ व ‘शिमोते’ हे काबुकीच्याही परिभाषेतील शब्द वापरले जातात.

मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासकाला येथे ‘वन्स मोअर’ची प्रथा आठवणे अपरिहार्य आहे. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) काळातील प्रेक्षक पदाची पुनरावृत्ती मागून नाट्यवस्तूचा ओघ थांबवत, प्रयोग लांबवत आणि त्या अर्थाने संहितेत हस्तक्षेप करत. पुरुष नटाने उभे केलेले स्त्रीरूप स्त्रियांनीच वेशभूषेचा आदर्श म्हणून स्वीकारावे, हाही दोन्हीकडचा समान विशेष. दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध आहे असे येथे सुचवावयाचे नाही. साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. ‘वन्स मोअर’ ही मागणी आहे. गायकाने काहीतरी दिल्यावर ते पुन्हा मागितले जाते. फुरित्सुके ही गीताची दुसरी बाजू आहे. ती गीताबरोबरच चालते आणि तिच्याविना प्रयोग अपुरा वाटतो. एखाद्या कडव्याला कोणती हस्तक्रिया शोभते, कोणती विसंगत वाटते, कोठे स्तब्ध उभे राहणेच योग्य, यावरील चाहत्यांचे वाद म्हणूनच अर्थनिर्णयाचे वाद आहेत. आपल्या आस्वादसिद्धांतांनी अर्थ लावण्याचे काम डोळ्यांकडे आणि मनाकडे सोपवले आहे. येथे ते मनगटाकडेही आहे.

५

तिसरा बंध सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक चाहतीचा एक ‘होनमेइ’ असतो : सर्वांहून प्रिय असा एक बँड, किंवा त्यातील एक वादक. संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदयाशी या चाहतीची तुलना करण्याचा मोह होतो. तन्मयता दोघांतही आहे. परंतु रससिद्धांतात साधारणीकरणाने व्यक्तिविशेष गळून पडतो. सहृदय ‘हा नट’ आणि ‘मी’ यांच्या पलीकडे जातो, म्हणून आस्वाद घेतो. होनमेइचा आग्रह नेमका उलट आहे. येथे व्यक्तिविशेष गळत नाही. त्याच्याच आधाराने आस्वाद घडतो. आझुमा हिरोकी यांनी २००१ मध्ये जपानी ओताकू संस्कृतीचे विवेचन करताना चाहता कथेऐवजी सुट्या घटकांचा संग्रह उपभोगतो असे प्रतिपादन केले. चित्रकथांतील पात्रांविषयी ते पटण्यासारखे आहे. पण येथे समोर असलेला देह सजीव, नामधारी आणि मर्त्य आहे. त्याचे घटक सुटे करून दुसऱ्यात बसवता येत नाहीत.

हे सर्वाधिक जाणवते ते शेवटाच्या प्रसंगी. एक्स जपानचा गिटारवादक हिदे याचे २ मे १९९८ रोजी निधन झाले. टोकियोतील त्सुकिजी होंगानजी या मंदिरात झालेल्या अंत्यविधीच्या वेळी सुमारे ५०,००० लोक जमले. मालिस मिझेरचा ढोलवादक कामी १९९९ मध्ये वारला. त्याच्या जागी नवा सदस्य घेण्याऐवजी बँडने सहायक वादकांकडून काम चालवले आणि कामीला कायमचा रक्तसंबंधी म्हणून आपल्यात ठेवले. २००८ मध्ये एक्स जपान पुन्हा टोकियो डोममध्ये उभा राहिला तेव्हा हिदेची प्रतिमा प्रकाशयोजनेने रंगमंचावर आणली गेली. गट सदस्यांच्या मृत्यूने संपत नाही, ही या प्रवाहातील एक धारणा झाली आहे. तिला मान्यता देणारा पक्ष प्रेक्षागृहात बसलेला असतो.

बँडच्या समाप्तीची परिभाषाही अशीच सूक्ष्म आहे. ‘काइसान’ म्हणजे विसर्जन. ‘कात्सुदो क्युशी’ म्हणजे काम स्थगित करणे. १९९७ मध्ये एक्स जपानने पहिला शब्द वापरला. २००० च्या डिसेंबरात लूना सीने दोन्ही टाळून ‘शूमाकु’, म्हणजे पडदा पडणे, हा नाटकातील शब्द निवडला. पडदा पडला म्हणजे नाटक संपले की अंक संपला? या एका शब्दाच्या निवडीवर चाहत्यांनी दीर्घकाळ विचार केला, आणि २०१० मध्ये हा बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा त्या शब्दाचा पूर्वी लावलेला अर्थ नव्याने तपासावा लागला. निवेदनातील एका नामाचे इतके सावध वाचन आपल्या वर्गांत होते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

६

या विवेचनातून चाहतावर्गाचे उदात्तीकरण सूचित होत असेल तर ते दुरुस्त करणे आवश्यक आहे. हा व्यवहार विनामूल्य नाही. एकच ध्वनिमुद्रिका वेगवेगळ्या पुरवण्यांसह अनेक आवृत्त्यांत निघते. कलावंताला क्षणभर भेटण्यासाठी खरेदी करावी लागते. ‘चेकी’ नावाची तत्काळ छायाचित्रे कोणाची निघतील हे न कळता विकत घ्यावी लागतात. अर्थनिर्मितीत सहभागी होणारी स्त्री त्या सहभागाची किंमतही स्वतःच मोजते. समूहाच्या आतही सत्ता आहे : काही बँडांच्या चाहत्यांत पहिल्या रांगेतील जागांचे वाटप ‘शिकिरी’ म्हणजे व्यवस्था पाहणारी ज्येष्ठ चाहती करते आणि नवागतेला तिचा शब्द मानावा लागतो. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांना संहितेच्या रानात शिरणारे चोरटे शिकारी म्हटले; येथे रानात चौक्याही आहेत आणि चौकीदार शिकाऱ्यांपैकीच आहेत.

बाहेरील समाजाने या स्त्रियांना ‘बांग्या’ हे नाव दिले. बँड आणि तरुणी या शब्दांपासून झालेल्या या नावात उपहास होता. पुढे त्याच नावाने त्या स्वतःला संबोधू लागल्या. हा छंद सोडण्याला ‘आगारु’, म्हणजे वर येणे, असे म्हणतात; जणू इतका काळ पाण्यात काढला होता. या जगाचा साहित्यातील उल्लेखनीय आविष्कार म्हणजे आमामिया कारिन यांची ‘बांग्यारु आ गो गो’ ही २००६ ची कादंबरी. १९७५ मध्ये होक्काइदोत जन्मलेल्या या लेखिकेने स्वतः तो अनुभव घेतला होता. २००७ मध्ये त्यांनी अस्थिर रोजगारात भरडल्या जाणाऱ्या जपानी तरुणांवर ‘इकिसासेरो!’ (‘जगू द्या!’) हे पुस्तक लिहिले आणि त्या त्या चळवळीचा आवाज बनल्या. या दोन पुस्तकांना एकमेकांपासून तोडून वाचण्याची प्रथा आहे. ज्या मुलींना शाळेत, घरात व कामावर स्थान नव्हते त्यांनी कोणत्या समूहात बोलायला, वाद घालायला आणि शब्द तोलायला सुरुवात केली, हे पहिले पुस्तक सांगते. दुसऱ्यातील वाणीचे प्रशिक्षण तेथे झाले असे मानणे अनुचित ठरू नये.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने निष्कर्ष असा. संहिता, प्रयोग आणि आस्वाद अशी त्रिस्तरीय विभागणी गृहीत धरून आपण चाहत्यांची चर्चा तिसऱ्या स्तरावर ठेवतो आणि तिला पुराव्याचे मूल्य देतो, युक्तिवादाचे देत नाही. व्हिज्युअल केइच्या बाबतीत ही चर्चा प्रकाराची सीमा आखते, दुहेरी संहिता सांभाळते, प्रयोगाचा अर्धा भाग रचते आणि समाप्तीचा अर्थ ठरवते. तिला समीक्षा म्हणण्यास आपण कचरत असू, तर त्याचे कारण तिच्या गुणवत्तेत नसून ती कोण करते आणि कोठे उभी राहून करते, यात असावे. ‘केइ’च्या चिन्हातील धागा हाती धरून उभी असलेली ही वाचक आपल्या सिद्धांतात अद्याप यावयाची आहे.