कृशतेचे काव्यशास्त्र आणि पाहणाऱ्याचे हृदय

जोडीदाराचे वजन, तिला स्वतःच्या देहाविषयी वाटणारे न्यूनत्व आणि त्यापायी तिच्या माणसाला लागणारी चिंता हा विषय केवळ आधुनिक मानला जातो. आरोग्यशास्त्राच्या किंवा बाजारपेठेच्या परिभाषेतच त्याची चर्चा होते. गोदाखोऱ्यातील वाङ्मयाकडे वळल्यास मात्र या विषयाची दोन भिन्न रूपे दिसतात. पहिले, पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावरील ‘गाथासप्तशती’त, दुसरे, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त.

‘सप्तशती’तील एका गाथेत सखी नायकाला सांगते, की त्याचे हृदय हजार स्त्रियांनी भरलेले असल्यामुळे नायिकेला तेथे जागा मिळत नाही, म्हणून इतर सारी कामे सोडून ती मुळातच सडपातळ असलेले अंग दिवसेंदिवस आणखी बारीक करीत आहे. काव्यशास्त्राने ‘तनुता’ ही एक कामदशा ठरविली आणि विरहिणीची कृशता हा अलंकार होऊन बसला. ही गाथा त्या संकेतात बसत नाही. येथे कृशता विरहाने आपोआप आलेली नाही. ती नायिकेने हेतुपूर्वक, स्वीकारले जावे म्हणून, आरंभिलेली आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या गाथेतून विशेषोक्ती ध्वनित होते असे दाखविले. कारण उपस्थित असूनही कार्य न घडणे म्हणजे विशेषोक्ती: देह झिजला, तरी हृदयात जागा झाली नाही. अलंकारविवेचनाच्या ओघात आलेले हे निरीक्षण माणसाच्या व्यवहारालाही तितकेच लागू पडते. महत्त्वाचे हे, की सखी नायिकेला जेवणाचा उपदेश करीत नाही. ती नायकाला जाब विचारते.

‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात दृष्टी पालटते. पहिल्या समासात देह अमंगळ ठरतो. पुढील समासांत संसारी पुरुषाची तारुण्यातील स्त्रीवशता, दुसरा विवाह आणि अखेरचे जर्जर वार्धक्य येते. या समासांचे नाव ‘स्वगुणपरीक्षा’ आहे, म्हणजे तपासणी पुरुषाचीच आहे, आणि हे रामदासांचे मोठेपण. परंतु या परीक्षेत पत्नी केवळ आसक्तीचे निमित्त किंवा दुःखाचा प्रसंग म्हणून उरते. तिला स्वतःच्या देहाविषयी काय वाटते, हा प्रश्न तेथे संभवतच नाही.

याच रामदासांनी मारुतीच्या स्तोत्रात देहाचे वेगळे माप दिले. त्यांचा मारुती पर्वतासारखा आहे आणि सडपातळही आहे. ही विसंगती खटकत नाही, कारण तो देह पाहिला जाण्यासाठी नसून कार्यासाठी आहे. बलोपासनेच्या या परंपरेने पुरुषदेहाला सामर्थ्याचे माप दिले. स्त्रीदेहाचे माप मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच राहिले.

आजचा काळजी करणारा पती ‘वजन कमी कर’ म्हणो की ‘आहेस तशीच छान आहेस’ म्हणो, दोन्ही वाक्यांत परीक्षक तोच असतो. दुसरे वाक्य मायेचे असते, पण निकाल देण्याचा अधिकार तेही सोडत नाही. म्हणूनच त्याची काळजी खरी असूनही तिच्यापर्यंत पुष्कळदा निवाडा म्हणून पोचते. ‘दासबोधा’ने पुरुषाला आत्मपरीक्षा शिकविली, ती कोणापुढे द्यायची, हे गाथेतील सखीने त्याआधीच सांगितले होते. देहाविषयीच्या चिंतेची सुरुवात देह मोजण्यापासून नव्हे, हृदयात जागा किती आहे हे तपासण्यापासून व्हायला हवी.