पानिपतमार्गे विज्ञानकथा

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या बसस्थानकावरून दिल्लीकडे निघणाऱ्या गाड्यांचा जुना रस्ता अंबाला, कर्नाल, पानिपत असा. इथल्या माणसाला पानिपत म्हणजे चादरी, पचरंगा लोणचं आणि तेलशुद्धीकरण कारखाना. मराठी माणसाला मात्र ते नाव ऐकलं की १४ जानेवारी १७६१ आठवतो, आणि लगोलग ‘विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर?’ हा प्रश्नही. दोनशे वर्षं ओसरीवर चघळलेल्या या प्रश्नाला जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत गणिताच्या खुंटीला बांधलं. मराठी विज्ञानकथेचं बळ कशात आहे आणि ती कुठे अडली आहे, या दोन्हींचा माग त्या एका कथेत लागतो.

कथा थोडक्यात अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तिथे गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली आहे, मराठे जिंकले आहेत आणि मुंबईवर मात्र अजून इंग्रजांचा ताबा आहे. पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून भाऊसाहेबांची बखर चाळतात आणि पुरावा म्हणून त्यातलं पान घेऊन परततात. शेवटी त्यांचा शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीच्या आणि ‘कॅटास्ट्रोफी’ सिद्धान्ताच्या आधारे उलगडा करतो. ही कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली. त्यामुळे चंदीगडमधल्या पंजाबी मुलांनाही परीक्षेपुरते गायतोंडे प्रोफेसर ठाऊक असतात. बखरीतल्या कानाला चाटून गेलेल्या गोळीने आपल्या छातीत जे होतं, ते त्यांना कसं व्हावं? तरीही कथा त्यांच्यापर्यंत पोचते, कारण तिचा सांगाडा गुप्तहेरकथेचा आहे: आधी कोडं, मग पुरावा, मग जाणत्या माणसाच्या दिवाणखान्यातला उलगडा.

हा सांगाडा नारळीकरांच्या जडणघडणीतून आला असं मला वाटतं. जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. बालपण बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. मामा घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी गणिती कोडी लिहून ठेवत. आव्हान सुटेपर्यंत ते तसंच राही. पुढे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल हे गुरू लाभले. ते विश्वरचनाशास्त्रात प्रस्थापितांशी भांडत आणि त्याच हाताने कादंबऱ्या लिहीत. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ मध्ये आली. मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही, हे नारळीकरांनी घरच्या माणसाकडून शिकावं तसं तिथे पाहिलं.

तरी मायदेशी पहिली कथा लिहिताना त्यांनी नाव लपवलंच. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. नावाच्या वजनाने परीक्षकांचा तराजू झुकू नये ही त्यातली सचोटी होती, आणि थोडा खट्याळपणाही. तो त्यांच्या गद्यात पुढे फारसा दिसत नाही, याची मला हळहळ वाटते.

१९७९ च्या ‘यक्षांची देणगी’पासून कथांचा ओघ सुरू झाला. त्यातल्या ज्या कथा आजही टिकून आहेत, त्यांत विज्ञान आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूला धक्का देतं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ मध्ये अवकाशाला पडलेल्या पिळातून माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटून बाहेर पडतो. हे समजायला गणित लागत नाही. गणपतीची सोंड कुठल्या बाजूला आहे हे बघायची सवय लागते, ती मराठी वाचकाला उपजत असते. ‘धूमकेतू’ मध्ये पृथ्वीवर येणारं संकट शास्त्रज्ञ टाळतात, आणि घरातली मंडळी श्रेय शांतियज्ञाला देतात. उपदेश न करता विवेकवाद मांडणारं इतकं नेमकं लेखन त्यांनी इतरत्र क्वचितच केलं. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत स्वतःसारखे यंत्रमानव घडवू पाहणारं यंत्र येतं. आजच्या वाचकाला ती कल्पना त्या काळापेक्षा जास्त जवळची वाटेल. पण तिच्यातली माणसं? ती एकमेकांना माहिती पुरवत राहतात. बायका चहा आणतात, तरुण सहायक प्रश्न विचारतात, ज्येष्ठ उत्तर देतात.

हा दोष एकट्या नारळीकरांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. त्यांच्या पिढीत विज्ञानकथा लिहिणारे बहुतेक विज्ञानाच्या दारातूनच आत आले. बाळ फोंडके जीवशास्त्रज्ञ, निरंजन घाटे भूशास्त्राचे, सुबोध जावडेकर रासायनिक अभियंते. परिषदेच्या स्पर्धेने त्यांना व्यासपीठ दिलं, आणि नकळत एक साचाही दिला. विज्ञान बिनचूक असलं की कथा निम्मी जिंकली, असा समज रूढ झाला. लक्ष्मण लोंढे यांचं ‘दुसरा आइनस्टाईन’ मला म्हणूनच मोलाचं वाटतं: मरणाऱ्या शास्त्रज्ञाचा मेंदू वाचवायचा की माणूस, या पेचात उत्तराला महत्त्व उरत नाही. साच्याच्या बाहेरचे नारायण धारप दुसऱ्या टोकाला होते. भयकथेत मुरलेल्या त्या हाताला अंधारी खोली, जिना, शेजारी हे सगळं जमायचं. ‘नेनचिम’सारख्या विज्ञान-कादंबरीतही वातावरण पक्कं, शास्त्र मात्र बेतास बात. समीक्षेने या दोन टोकांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवलं. ती कपाटं कधी शेजारी आलीच नाहीत.

शास्त्र आणि माणसांचं जगणं शेजारी आलं की काय होतं, हे बघायला पुन्हा सेक्टर १७ कडे वळतो. लाहोर गेल्यावर पंजाबला राजधानी हवी होती. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिएने कागदावर जे आखलं, ते त्या काळच्या भारतात निव्वळ विज्ञानकथा होतं: आकड्यांची नावं असलेले सेक्टर, प्रत्येक साधारण ८०० बाय १२०० मीटरचा, रस्त्यांच्या सात श्रेणी, आणि मधोमध चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला, काँक्रीटच्या एकसारख्या खांबांनी वेढलेला चौक. माणसांनी त्या भविष्याला आपलं वळण दिलं. सतराच्या चौकात कारंजं, आइस्क्रीम, नीलम थिएटर, जोडप्यांच्या फेऱ्या. आणि एलांटे मॉल आल्यावर ओसरलेली गर्दी. आखलेलं भविष्य वापरून जुनं झालं की कसं दिसतं, हे इथे पायी फिरून पाहता येतं.

मराठी लेखकाला यासाठी चंदीगड गाठायची गरज नव्हती. १९७० मध्ये शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, मुंबईच्या खाडीपलीकडे आगरी-कोळ्यांच्या गावांवर आणि मिठागरांवर आखीव शहर उभं राहिलं. तिथेही सेक्टर आहेत. वाशीचा सेक्टर १७ तर खरेदीसाठी माहीत असतो. ‘कृष्णविवर’ लिहिली जात होती तेव्हा हे शहर रचलं जात होतं. तरी आपल्या विज्ञानकथेचा नायक कुलाब्याच्या संशोधन संस्थेतून निघतो आणि थेट अवकाशात पोचतो. मधे वाशी लागत नाही. जमीन गेलेल्या मिठागरवाल्याच्या नातवाने यंत्रमानवाशी कसा व्यवहार केला असता, हा प्रश्न दलित आणि ग्रामीण साहित्याच्या भर बहरातही विज्ञानकथेच्या उंबऱ्यात अडखळला.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत ‘मराठी विज्ञानकथेचे जनक’ हे बिरुद फार सढळ हाताने वाटलं गेलं. त्यांच्या आधी भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या हातात दिलं होतं, हे त्या घाईत राहिलं. मला मात्र त्यांच्या पानिपताच्या कथेतली एक लहानशी जागा पुन्हा वाचावीशी वाटते. गंगाधरपंत त्या परक्या मुंबईत उतरतात आणि मुलाला शोधायला त्याच्या कचेरीत जातात. तिथे त्या नावाचा कुणीच नाही. लढाई, सिद्धान्त, बखर काही वेळ मागे पडतात आणि एक बाप अनोळखी शहराच्या रस्त्यावर उभा राहतो. नारळीकर तिथे परिच्छेदभरही थांबत नाहीत. पंतांना ग्रंथालय गाठायचं असतं. त्या कचेरीच्या दारात रेंगाळणारा लेखक मराठी विज्ञानकथेला हवा आहे, आणि त्याला भौतिकशास्त्राची पदवी नसली तरी चालेल.